एकनाथभाऊंची बाही

बिअरचा पेला नाकाशी नेण्याआधी एकनाथभाऊ चौधरी स्वतःच्या शर्टाच्या बाहीचा वास घेत. डावा हात कोपरात वाकवायचे, बाहीत नाक खुपसून दोन श्वास ओढायचे आणि मगच पेल्याकडे वळायचे. प्रत्येक पेल्याआधी एकदा. पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस अत्तर लावून निघालाय. पण अत्तराशी त्यांचा उभा दावा होता. घरात अगरबत्तीसुद्धा लावत नसत.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, आणि चोरून पाहिलं, हे आधीच कबूल करते. नवरात्राच्या सुमाराला ते आमच्या शेजारी राहायला आले. बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याच्या पुढे आमची कॉलनी. शेजारच्या आवारात मागे त्यांच्या पुतण्याची केळी पिकवायची वखार, आणि पुढच्या दोन खोल्या रिकाम्या. तिथे हा सत्तरीचा, एकटा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला माणूस आला. सकाळी अकरा वाजता ओसरीवर स्टूल, स्टुलावर स्टीलचे तीन पेले. बाहीचा वास, पेल्याचा वास, एक घोट, डोळे मिटून जरा थांबणं, आणि उरलेलं सगळं लिंबाच्या झाडाच्या आळ्यात. स्टुलाखालची तपकिरी बाटली मला स्वच्छ दिसत होती.

मी पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि पस्तीस वर्षं कॉप्या पकडल्या. कोणत्या मुलीच्या ओढणीच्या गाठीत काय आहे, ते मला वर्गाच्या दारातून कळायचं. पण हे प्रकरण कळेना. दारू पिणारी माणसं मी पाहिली होती, ओतून देणारा पाहिला नव्हता. मनात शंकेची पाल चुकचुकली ती महिनाभर थांबायचं नाव घेईना. आमच्या ह्यांना सांगितलं तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "रोज खिडकीत उभी राहून तू त्यायले पाहू राहिली, अन् शक त्यायच्यावर?"

ओळख झाली ती एका पत्रामुळे. मीही चौधरी, तेही चौधरी. नातं काही नाही, पण पोस्टमनला तेवढं पुरलं. दिवाळीच्या तोंडावर त्यांचं पाकीट आमच्या घरी पडलं. मागे नाव होतं वसंत कुलकर्णी, नाशिक. आयतंच निमित्त मिळालं म्हणून मी ते द्यायला गेले. एकनाथभाऊंनी पाकीट घेतलं, नाकाशी धरलं, बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा उघडला आणि न फोडताच आत ठेवलं. डब्यात तसलीच पाकिटं होती, एकही फोडलेलं नव्हतं.

"वाचत नाही?" मी विचारलं. तेवढी भीड मी कधीच ठेवली नाही.

"पुरावा आहे मॅडम. फोडला तं उद्या कोणी म्हणन, यानंच आतलं बदललं."

"कोण म्हणणार?"

"तुम्हीच. आज नाही म्हणणार. पुढचं कोणाले मालूम?"

त्या उत्तराचा मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, आपल्यासारखं कोणीतरी भेटलं असं वाटलं. मग मी पेल्यांचं विचारून टाकलं. तेव्हा कळलं की हा माणूस बाहेरगावच्या एका बिअरच्या कारखान्यात चाखणारा होता. टाकी तयार झाली की बाटल्या भरण्याआधी पाच जण चाखायला बसत, त्यांतले हे एक. तीन पेले समोर ठेवायचे. दोनांत चांगली ठरलेली बिअर, एकात नव्या टाकीतली. वेगळा पेला ओळखता आला नाही तर नवी टाकी जुन्यासारखीच झाली, पास. ओळखता आला तर का वेगळी लागते ते सांगायचं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी नाक गंजू नये म्हणून ते रोज बसत होते. साखरेचा आजार, म्हणून घोट एकच.

"मग वाईनवाल्यांसारखं थुंकत का नाही?"

"बिअरचा कडूपणा घशात कळते. थुंकला तं अर्धी परीक्षाच गेली." मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत म्हणाले, "तुम्ही पिता काय?"

"छे!"

"मंग तुम्हीच पाहिजे. मीच ओततो, मीच ओळखतो, ही काय परीक्षा झाली? पिणाऱ्यावर माझा भरोसा नाही. त्याचं ध्यान उरलेल्यावर असते."

अशा रीतीनं मी, जिनं जन्मात थेंब चाखला नाही ती, दर रविवारी सकाळी बिअर ओतायला जाऊ लागले. दार उघडं, आमचे हे ओसरीवर पेपर वाचत बसलेले. मी आत पेले भरायचे, तळाला खडूनं खुणा करायचे, नेऊन ठेवायचे. पेले स्टीलचे, म्हणजे रंग पाहून ओळखायची सोय नको. कॉपी होऊ नये म्हणून इतकी काळजी घेणारा विद्यार्थी मला पस्तीस वर्षांत मिळाला नव्हता.

त्यांची एकेक मतं ऐकत राहावीत. स्ट्राँग बिअर त्यांना मुळीच आवडत नसे. "हे शिव्या देणारं माणूस आहे मॅडम. पहिली शिवी समजते, मंग नुसता आवाज." हिरव्या बाटलीवर त्यांचा कायमचा संशय. ऊन लागलं की तिच्यातल्या बिअरला ढेकूण चिरडल्यासारखा वास येतो, म्हणायचे, आणि आपल्याकडे ट्रक उन्हात उभा नाही असं कधी होतं का? काळी बिअर त्यांना मनातून आवडायची, भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखी, पण तसं बोलून दाखवत नसत. "काळ्यात काय बी लपते. करपलेल्यात दुसरी गलती कशी दिसन?" खूप कडू बिअरला ते कारल्याचा मान देत. पण जीव होता तो साध्या, फिकट, थंडीत सावकाश मुरवलेल्या बिअरवर. "हिच्यात काही लपवता येत नाही. लोण्याचा वास आला तं कळते. मका उकडल्याचा आला तं कळते. जुनी झाली तं ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. गरीब माणसावानी आहे, घरात सगळं उघड्यावर."

आणि बाही? तेही त्यांनी एकदा समजावलं. तीन-चार वास घेतले की नाक थकतं. मग ते कोरं करायचं असतं. "दुसऱ्या कशाचा वास घेऊन नाही जमत, तो नाकात बसते. आपलाच घ्यायचा. आपला वास आपल्याले येतच नाही ना. म्हणून नाक साफ होते." मी शास्त्राची मास्तरीण, मला ते इतकं पटलं की हे वर्गात मुलींना सांगायचं राहून गेलं याची हळहळ वाटली.

"पहिले शक, मंग घोट," हे त्यांचं वाक्य दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना लागू होतं. दूधवाल्यासमोर दूध हुंगायचे. माव्याची जलेबी कोणी दिली तर आधी कोपरा मोडून माव्याचा वास घ्यायचे. माझं विरजण हुंगून, "चमचा कांद्याचा होता," असं माझ्या तोंडावर म्हणाले होते. होता, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. पण या सगळ्या संशयाचं मूळ एकाच दिवसात होतं, आणि ते त्यांनी मला जवळपास वर्षभर ओतल्यावर सांगितलं.

निवृत्तीला अकरा वर्षं असताना एका उन्हाळ्यात कारखान्यात एक टाकी तापली. टाकी तापली की साध्या बिअरला पिकल्या केळ्याचा वास लागतो, आणि साध्या बिअरमध्ये तो मोठा दोष. पाच जण चाखायला बसले. चौघांनी नाक लावताच वेगळा पेला उचलला. एकनाथभाऊ म्हणाले, तिन्ही सारखे. पुन्हा हुंगले, बाहीचा वास घेतला, पुन्हा हुंगले. तिन्ही सारखेच! वरचा साहेब हसला. "केळ्याच्या गावचा माणूस, आणि केळं कळलं नाही?" दुसऱ्या दिवसापासून त्यांना चाखण्यातून काढून बाटल्यांच्या खोक्यांवर पट्ट्या चिकटवायच्या विभागात धाडलं. पुढची अकरा वर्षं ते तिथेच होते.

"पेले कोणी ठेवले होते त्या दिवशी?" मी विचारलं.

"वसंत कुलकर्णीनं. माझा दोस्त. एका ताटात जेवणारे आम्ही." ते बाहीची गुंडी लावत होते, काढत होते. "चौघांले बराबर दिले, माझ्यासमोर तिन्ही एकाच बाटलीतले ठेवले. मंग मले वेगळा कुठून सापडन? अन् माझी खुर्ची कोणाले मिळाली? त्यालेच. त्या दिवशी संध्याकाळी माझ्या दारात आला, दार वाजवलं. मी उघडलं नाही. मंग चिठ्ठी सरकवली खालून. तिथपासून दर दिवाळीले पाकीट."

मी कॉप्या पकडलेली बाई. मला तो पुरावा पक्का वाटला. "नीचपणाच केला त्यानं," असं मी म्हटलं, आणि हे वाक्य आज मला टोचतं.

पुढच्या दिवाळीला माझा मुलगा आणि सून इंदूरहून आली. सून मानसी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर पहिल्यांदा आली होती तेव्हा स्टेशनबाहेर पाऊल टाकताच म्हणाली होती, "आई, तुमच्या गावाला केळ्यांचा वास येतो." आम्ही सगळे हसलो होतो. कसला वास? आम्हाला तर काही येत नव्हता. या खेपेला तिनं एकनाथकाकांसाठी मुद्दाम गव्हाच्या बिअरच्या दोन बाटल्या आणल्या. ते खूश झाले. मी रीतसर तीन पेले मांडले, दोन साधे, एक गव्हाचा.

घोटासरशी त्यांनी तिसरा उचलला. "हा वेगळा. अंगानं जाड आहे. लवंग आहे याच्यात, बिलकुल लवंग."

मानसीनं नाक पुढे केलं आणि हसली. "लवंग आहे काका, पण आधी केळं आहे. काळं पडलेलं, पिकून गेलेलं केळं. या बिअरला तसाच वास हवा असतो म्हणे. हा बघा ना, भपका मारतोय!"

त्यांनी बाहीचा वास घेतला. पेल्यात नाक घातलं. पुन्हा बाही, पुन्हा पेला. त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी पेला माझ्यापुढे केला. मीही हुंगला. मला लवंग आली. केळं नाही.

"तुम्ही दोघींनी ठरवून केलं हे," ते हळूच म्हणाले. "वसंत बी असाच हसत पेला ठेवून गेला होता."

मला झोंबलं. "खिडकीतून मी चोरून पाहत होते, ते खरं. पेला मात्र मी कधी बदलला नाही," मी म्हटलं. त्यांनी आपले तीन पेले धुतले, आत नेले आणि दार लावून घेतलं. मुलगा-सून इंदूरला परत गेली. पुढचे दोन रविवार ओसरी रिकामी. मला करमेना. भांडायलाही तेवढ्या तोडीचं दुसरं कोणी कॉलनीत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात मी शिकरण करत होते. केळी इतकी पिकलेली की सालं काळी पडली होती. सहज एक नाकाशी धरलं, आणि अगदी टेकवल्याशिवाय मला वास येईना. मी तशीच उभी राहिले. मानसीचं स्टेशनवरचं बोलणं आठवलं. मागची वखार आठवली. शास्त्र शिकवलं पस्तीस वर्षं आणि स्वतःच्या नाकाखालचं कळलं नाही! चमचा टाकून मी त्यांच्या दाराशी गेले. दार वाजवलं. आत हालचाल झाली, पण कडी निघाली नाही.

"एकनाथभाऊ," मी बाहेरूनच म्हटलं, "कारखान्याच्या खोलीत तुमच्याकडे केळी असायची?"

मग आतून आवाज आला. "गावाहून, दापोऱ्याहून घड यायचा. पलंगाखाली पिकवायचो. सगळ्यांले वाटायचो."

"आणि शर्ट?"

"खुंटीवर. पलंगाच्या वर."

"तुम्हीच सांगितलं ना, आपला वास आपल्याला येत नाही म्हणून? मग मला सांगा, तुमच्या बाहीला कशाचा वास येतो?"

मला वाटलं, हे दार आता काही उघडत नाही. मी वळलेसुद्धा. तेवढ्यात कडी निघाली.

मी म्हटलं, माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, तपासून बघा. मानसीकडे आठ दिवस राहा, तिथलेच कपडे घाला, मग तिला पेले मांडू द्या. ते गेले, पण त्यांच्या पद्धतीनं. पेले स्वतःचे नेले, बाटली स्वतः विकत घेणार म्हणाले. पांढरा शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून बॅगेच्या तळाला ठेवला. आठव्या दिवशी सकाळी मानसीचा फोन आला. "आई, घोटसुद्धा घेतला नाही त्यांनी. नुसतं नाक लावलं आणि म्हणाले, केळं. आता ती पिशवी सोडून शर्ट हुंगत बसलेत. जेवायला उठत नाहीयेत. काय करू?"

"बसू दे," मी म्हटलं.

परत आल्यावर बॅग तशीच ओसरीवर ठेवून ते तो डबा घेऊन आमच्याकडे आले. "तुम्ही वाचा," म्हणाले, "माझ्या हातानं फुटत नाही." सगळ्यात खाली दारातून सरकवलेली ती पहिली चिठ्ठी होती. घडीवर घडी घातलेली, बाहेरून डिंकानं चिकटवलेली. मी ती उघडली आणि मोठ्यानं वाचली.

"एकनाथ, तू दार उघडत नाहीस म्हणून लिहितो. तुझं नाक गेलेलं नाही. तुझ्या शर्टाला केळ्याचा वास येतो, घड खोलीबाहेर काढ. साहेबांना मी खरं काय ते सांगितलं आहे. आठ दिवसांनी शनिवारी तुझी परीक्षा पुन्हा घ्यायला ते तयार आहेत. तोपर्यंत माझ्या खोलीवर राहायला ये, माझे शर्ट घाल. शनिवारी नक्की ये. तुझी खुर्ची मला नको. वसंत."

एकनाथभाऊ ऐकत होते. "शनिवारी मी कारखान्यातच होतो," ते म्हणाले. "पट्ट्या चिकटवू राहिलो होतो. तो येऊन काचेतून पाहून गेला. मले वाटलं, मजा पाहाले आला." मग ते आमच्या ओसरीवर, ह्यांच्यासमोर, माझ्यासमोर, लहान मुलासारखे रडले. बाकीची पाकिटं फोडायला वेळ लागला नाही. प्रत्येकात दिवाळीच्या शुभेच्छा, आणि खाली एकच ओळ होती, "येतोस का?"

त्यांनी नाशिकला फोन केला तेव्हा मी शेजारी होते. इकडून ते एवढंच म्हणाले, "वसंत, मी एकनाथ. सोमवारी येतो." कोणती गाडी, किती वाजता, काही सांगितलं नाही. जन्मभराची सवय, आपला बेत पूर्ण कोणाला सांगायचा नाही. जाताना नवा शर्ट घातला, आणि वखारीतला घड न्यायचा की नाही यावर अर्धा तास विचार करून शेवटी नेला.

त्यानंतर ते वर्षभरच होते. शेवटच्या आजारात दवाखान्यात डॉक्टर आले तरी त्यांच्या हातातली सुई आधी निरखायचे, ते काही सुटलं नाही. पण घोटाआधी बाहीचा वास घेणं त्यांनी सोडलं होतं. त्याऐवजी ते दारात जाऊन उभे राहायचे आणि बाहेरच्या हवेत दोन श्वास घ्यायचे. ते तीन पेले आता माझ्याकडे आहेत. कोणाबद्दल मनात पाल चुकचुकली की मी आधी स्वतःच्या पदराचा वास घेते. काही येत नाही, आणि म्हणूनच मी जरा थांबते.

नाशिकहून ते आले तेव्हा मी विचारलं होतं, "काय म्हणाले कुलकर्णी? रागावले?"

"काही नाही म्हणाला," एकनाथभाऊ म्हणाले. "मी पोचलो दुपारी चारले. सकाळपासून दार उघडं ठेवून बसला होता."